मुंबईतून चित्र परदेशी धाडताना: नव्या चित्रकारासाठी पायरी-पायरीनं

चित्रकार सूझा १९४९ साली लंडनला गेले, रझा १९५० साली पॅरिसला. त्या काळी जगाच्या बाजारात उतरायचं तर चित्रकारालाच बोटीत बसावं लागे. आता क्रम उलटा झाला आहे. चित्रकार भांडुपला किंवा वसईला राहतो. त्याची फाइल (चित्रांचे फोटो आणि माहिती) आधी जाते, मग चित्र जातं, आणि तो स्वतः गेलाच तर सगळ्यात शेवटी. नवोदितांची गाडी अडते ती बहुतेक वेळा या फाइलपाशी किंवा पेटीपाशी. चित्र बरं असतं, कागद कच्चे असतात. म्हणून जेजे, रचना संसद किंवा रहेजा या मुंबईतल्या कला महाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी, आणि नोकरी सांभाळून रंगवणाऱ्यांसाठीही, हा सगळा प्रवास त्याच क्रमानं मांडला आहे.

त्याआधी लिलावाच्या बातम्या बाजूला ठेवा. २०१३ च्या डिसेंबरात क्रिस्टीज या लिलाव कंपनीनं मुंबईत पहिला लिलाव केला आणि चित्रकार गायतोंडे यांचं चित्र २३.७ कोटींना गेलं. तोवर गायतोंडे यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. लिलावातला पैसा चित्राच्या मालकाला मिळतो, चित्रकाराला नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५३ अ कलमात पुनर्विक्रीच्या रकमेत चित्रकाराचा वाटा सांगितला आहे (दहा हजारांवरच्या विक्रीला, आणि जास्तीत जास्त १० टक्के), पण तो पैसा चित्रकारांच्या हाती पडताना दिसत नाही. तुमची कमाई पहिल्या विक्रीतच आहे हे धरून चाला.

पायरी पहिली: चित्राचा जन्मदाखला

हुसेन यांचं १९५४ सालचं ‘ग्राम यात्रा’ त्याच साली नॉर्वेत राहणाऱ्या एका डॉक्टरनं विकत घेतलं. ते कित्येक दशकं ओस्लोच्या रुग्णालयात टांगलेलं होतं, आणि २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला १.३८ कोटी डॉलरना विकलं गेलं. चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं ही साखळी अखंड होती, म्हणून कुणी शंका घेतली नाही. या साखळीची पहिली कडी चित्रकारालाच घडवावी लागते, आणि तीही चित्र वाळत असतानाच.

प्रत्येक चित्राला क्रमांक द्या. २०२५-०७ म्हणजे त्या वर्षातलं सातवं. एका एक्सेलमध्ये क्रमांक, शीर्षक, साल, माध्यम, आकार, किंमत, सध्या कुठे आहे, कुणाला विकलं, असे रकाने करा. आकार सेंटिमीटरमध्ये लिहा आणि आधी उंची, मग रुंदी. आपल्याकडे इंचांत आणि बहुधा रुंदी आधी बोलायची सवय असते. परदेशी गॅलरी तोच आकडा उलटा वाचते आणि आडव्या चित्रासाठी उभी भिंत राखून ठेवते. माध्यमही नेमकं लिहा. ‘मिक्स्ड मीडिया’ हा शब्द टाळा, कारण चित्राची डागडुजी करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. ‘कॅनव्हासवर अॅक्रिलिक, कोळसा आणि वृत्तपत्राचा कागद’ असं लिहिलं की कळतं.

कॅनव्हासच्या मागे मऊ पेन्सिलीनं क्रमांक, नाव आणि साल लिहा. मार्करनं लिहू नका, शाई काही वर्षांनी पुढे उमटते.

फोटो फ्रेम आणि काच बसवण्याआधी काढा. चित्र भिंतीवर सरळ, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारखे दिवे, कॅमेरा चित्राच्या मध्याच्या उंचीवर. शेजारी राखाडी कार्ड धरून एक फोटो वेगळा घ्या, रंग नंतर जुळवता येतात. लांब बाजू किमान ३००० पिक्सेल ठेवा. ट्यूबलाइटखाली मोबाइलनं काढलेल्या फोटोत पांढरा रंग हिरवट दिसतो. तो फोटो पाहून घेतलेलं चित्र प्रत्यक्षात वेगळं निघालं की गिऱ्हाईक परत करतं, आणि परतीचं भाडं तुमच्या माथी.

पायरी दुसरी: एकच किंमत, सगळीकडे

मुंबईत स्क्वेअर इंचाचा हिशेब चालतो. दर ४० रुपये धरला तर ३६ × ४८ इंचांचं चित्र १,७२८ × ४० म्हणजे ६९,१२० रुपयांना पडतं, आणि १२ × १२ चं फक्त ५,७६० ला. छोट्या चित्राला लागलेले चार दिवस त्यात वसूल होत नाहीत. त्यापेक्षा उंची आणि रुंदी यांची बेरीज करून तिला दरानं गुणा. बेरजेचा दर ८०० धरला तर मोठं चित्र ८४ × ८०० म्हणजे ६७,२०० आणि छोटं २४ × ८०० म्हणजे १९,२००. छोटं फार स्वस्त होत नाही, मोठं आवाक्याबाहेर जात नाही. दर तुमचा तुम्ही ठरवा, पद्धत मात्र एकच ठेवा.

ही किंमत गॅलरीचं कमिशन धरून असायला हवी. कमिशन ३३ ते ५० टक्क्यांपर्यंत जातं, आणि परदेशात निम्मं हा रिवाजच आहे. नवखा इथे हटकून चुकतो. गॅलरीत ६७ हजार आणि घरी आलेल्याला ३५ हजार, अशी दोन तोंडं ठेवतो. इन्स्टाग्रामच्या काळात लंडनच्या गिऱ्हाइकाला बोरिवलीचा भाव संध्याकाळपर्यंत कळतो. त्यानंतर ना गॅलरी राहते ना गिऱ्हाईक. स्टुडिओतून विकलं तरी भाव तोच. फार तर १० टक्के सूट, आणि तीही गॅलरीला माहीत असलेली.

भाव वाढवायचा तर वर्षातून एकदा, १० ते १५ टक्क्यांनी, आणि तेही आधीची चित्रं खपली असतील तरच. २००८ च्या आधीच्या तेजीत भारतीय समकालीन चित्रांचे भाव भराभर चढले आणि मंदी येताच कोसळले. भाव वाढवणं सोपं असतं. तो उतरवला की ज्यांनी आधी घेतलं ते नाराज होतात आणि नवे थांबून राहतात.

पायरी तिसरी: आधी काळा घोडा

परदेशी क्युरेटर (प्रदर्शनासाठी कामं निवडणारा) मुंबईत येतो तेव्हा जानेवारीतला मुंबई गॅलरी वीकेंड किंवा नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर भरणारा आर्ट मुंबई मेळा गाठतो. मेळा २०२३ पासून भरतो. कुलाबा, फोर्ट आणि काळा घोडा यांमधल्या गॅलऱ्या पायी फिरता येतात आणि उद्घाटनांना आमंत्रण लागत नाही. वर्षभर जा, बघा, बोला, पण पहिल्या भेटीत मोबाइल काढून आपली चित्रं दाखवू नका. उद्घाटनाच्या गर्दीत गॅलरीवाल्याचं लक्ष गिऱ्हाइकांकडे असतं. कोणती गॅलरी कशा प्रकारचं काम लावते हे कळलं, की तुमच्या कामाशी जुळणाऱ्या तिघा-चौघांनाच मेल करा.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे आणि तिची प्रतीक्षायादी काही वर्षांची असते. अर्ज आजच भरून ठेवा, पण केवळ त्या तारखेवर करिअर टांगून बसू नका. तिथे भाडं तुमचं, विक्रीही तुमचीच. माणसांची वर्दळ मोठी असल्यानं अनोळखी गिऱ्हाईक मिळतं, हा तिचा खरा फायदा. निवड करणारी खाजगी गॅलरी आणि भाड्यानं मिळणारी भिंत यांतला फरक परदेशी मंडळी तुमच्या बायोडेटात पाहतात. म्हणून दोन्ही प्रकारची प्रदर्शनं लिहा, फक्त सोलो आणि ग्रुप असे वेगळे विभाग करा.

बायोडेटा दोन पानांचा. पोर्टफोलिओ पीडीएफमध्ये, १२ ते १५ चित्रं, १० एमबीच्या आत. आपल्या कामाबद्दलचं निवेदन १५० ते २०० शब्दांचं, आणि ते आधी मराठीत लिहा. थेट इंग्रजीत लिहायला घेतलं की ‘ओळख’, ‘स्मृती’, ‘अवकाश’ असे तेच शब्द येतात आणि निवड समितीनं त्या दिवशी वाचलेल्या शंभर निवेदनांत तुमचं मिसळून जातं. गिरणीचा भोंगा, चाळीची गॅलरी, लोकलची खिडकी असं चित्रात प्रत्यक्ष काय आहे ते मराठीत सांगून झालं की मग भाषांतर करून घ्या. उलट बाजूनं, ‘बाहेरच्यांना आवडतं’ म्हणून साधू, रिक्षा आणि गणपती रंगवायला लागू नका. त्या बाजारात भाव पाडणारे आधीच पुष्कळ आहेत.

पायरी चौथी: ओपन कॉल आणि गळ

रेसिडेन्सी म्हणजे काही आठवडे किंवा महिने राहायला आणि काम करायला जागा. भारतीयांना खुल्या असलेल्यांत लंडनची डेल्फिना फाउंडेशन, अॅम्स्टरडॅमची राइक्सअकादमी आणि पॅरिसची सिते अँतरनासिओनाल ही नावं ठाऊक असू द्या. मुंबईतल्याच इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनचा तरुण दृश्यकलावंतांसाठी पुरस्कार आहे. ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहे. जर्मन आणि फ्रेंच संधींसाठी काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन आणि आलियाँस फ्राँसेज यांच्या सूचनांवर नजर ठेवा. अर्ज करण्याआधी चार प्रश्न विचारा: राहणं कुणाचं, विमानाचं तिकीट कुणाचं, साहित्याला पैसे मिळतात का, आणि शेवटी चित्रं कुणाच्या मालकीची. व्हिसाची भेट मिळायलाच आठवडे जातात, त्यामुळे निवडपत्र हाती पडलं त्याच दिवशी तारीख घ्या.

आता गळाबद्दल. ‘तुमचं काम इन्स्टाग्रामवर पाहिलं, आमच्या क्युरेटरनं रोम/न्यूयॉर्क/दुबईच्या प्रदर्शनासाठी निवड केली’ असा मेल येतो. शेवटच्या परिच्छेदात सहभाग शुल्क असतं, बहुधा युरोत. ही भाड्याची भिंत आहे. गॅलरीचं उत्पन्न चित्रकारांच्या शुल्कातून निघतं, म्हणून विकण्याची तिला घाई नसते. ओपन कॉलला, म्हणजे कुणालाही अर्ज करता येतो अशा निवडीला, दोन-तीन हजार रुपयांचं अर्जशुल्क समजू शकतं. निवड झाल्यावर पैसे मागितले की तिथून उठा.

दुसरा गळ गिऱ्हाइकाचा. तो चित्राच्या किमतीपेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो आणि वरचे पैसे ‘माझ्या शिपिंग एजंटला द्या’ म्हणतो. चेक काही दिवसांनी परत येतो, तुम्ही दिलेले पैसे मात्र गेलेले असतात. तिसरा डिजिटल चित्रं विकत घेतो म्हणतो आणि आधी ‘नोंदणीचा खर्च’ मागतो. विकणाऱ्यानंच घेणाऱ्याला पैसे द्यायचे, असा व्यवहार जगात कुठेही नसतो.

पायरी पाचवी: करार

चित्र गॅलरीला देताना ते विक्रीसाठी ठेवायला दिलं आहे, विकलेलं नाही, हे लिखित हवं. एका पानाचा करार पुरतो: चित्रांची यादी आणि भाव, कमिशन, सूट द्यायची तर ती कुणाच्या वाट्यातून, चित्र किती महिने तिथे राहणार, विकल्यावर किती दिवसांत पैसे (३० दिवस वाजवी), विमा कुणाचा, आणि परतीचं भाडं कुणाचं. शेवटचे दोन मुद्दे नवखे विसरतात आणि नेमके तेच महागात पडतात.

मूळ चित्र विकलं तरी कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, तो लेखी दिला तरच जातो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर भारतीय कायद्यानुसार पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणूनच परदेशी करारात ‘जगभर, कायमचे, सर्व माध्यमांत’ ही ओळ दिसली की थांबा. कॅटलॉग आणि प्रसिद्धीसाठी परवानगी द्या. टी-शर्ट, पोस्टर आणि एआयच्या प्रशिक्षणासाठी वेगळी बोली करा किंवा नाही म्हणा. कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाखाली तुमचं नाव लावण्याचा आणि कामाची मोडतोड रोखण्याचा हक्क आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांना सरकारनं काढून टाकलेल्या भित्तिशिल्पाबाबत दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ साली याच कलमावर न्याय दिला.

पायरी सहावी: सरकारी कागद

निर्यातीसाठी आयईसी (आयात-निर्यातदाराचा ओळख) क्रमांक लागतो. तो डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर पॅनवर मिळतो, शुल्क ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तिथे जाऊन माहिती ‘अपडेट’ करावी लागते, काहीही बदललं नसलं तरी. नाही केलं तर क्रमांक निष्क्रिय होतो आणि ते कळतं पेटी विमानतळावर अडकल्यावर.

बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या शाखेच्या क्रमांकाचं) पत्र घेऊन कस्टम्सकडे नोंदवा. जीएसटीच्या बाबतीत ‘चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी नको’ या मर्यादेवर विसंबू नका. निर्यात हा आंतरराज्य पुरवठा धरला जातो आणि त्याला ती मर्यादा लागू होत नाही, म्हणून पहिल्या परदेशी विक्रीआधीच सीएकडे जा आणि एलयूटी या हमीपत्राबद्दल विचारा. एलयूटी भरलं की निर्यातीवर कर न भरता माल पाठवता येतो. देशात विकताना हातानं काढलेल्या चित्रांवरचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या बिलाचा नमुना अजून वापरात असेल तर बदला.

इन्व्हॉइसवर एचएस कोड (मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक) ९७०१ लिहा. तो हातानं काढलेल्या चित्रासाठी आहे. डिजिटल प्रिंटला तोच कोड लावला की पलीकडचे कस्टम्स अडवतात. खरी किंमत लिहा. ‘गिफ्ट, २० डॉलर’ लिहून पाठवलेलं चित्र फाटलं तर भरपाई वीस डॉलरचीच. पलीकडचा कर कुणी भरायचा हेही आधी ठरवा: ब्रिटनमध्ये चित्रावर आयातीच्या वेळी ५ टक्के आणि फ्रान्समध्ये ५.५ टक्के व्हॅट लागतो. गिऱ्हाइकाला हे सांगितलं नसेल तर तो पेटी सोडवून घेत नाही.

नव्या चित्राला पुरातत्त्व खात्याचा दाखला लागत नाही. पण काम जुनं दिसत असेल, जसं की पोथीच्या पानावरचं चित्र किंवा गंज चढवलेलं पितळ, तर ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला आधीच काढा. मोरपीस चिकटवलेलं काम पाठवूच नका, त्याच्या निर्यातीला बंदी आहे.

पायरी सातवी: पेटी

इथे घाई केली की आधीच्या सहा पायऱ्या वाया जातात.

पहिला निर्णय: फ्रेमवर पाठवायचं की गुंडाळून. हवाई कुरियर आकारमानाचं वजन धरतं: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ३६ × ४८ इंचांच्या चित्राची पेटी साधारण ११२ × १४२ × १५ सेंटिमीटर होते, म्हणजे जवळजवळ ४८ किलो. तेच चित्र स्ट्रेचरवरून (कॅनव्हास ताणलेल्या लाकडी चौकटीवरून) काढून गुंडाळलं तर २२ × २२ × ११५ चा खोका, ११ किलो. भाड्यात चौपटीचा फरक. मोठं चित्र असेल तर आणखी एक अडचण आहे. प्रवासी विमानाच्या पोटात साधारण १६० सेंटिमीटर उंचीपर्यंतचीच पेटी बसते. त्यामुळे बाहेर पाठवायच्या कॅनव्हासची एक बाजू १४० च्या आत ठेवली तर बरं.

गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर. आत ठेवली की रंग दाबला जातो आणि उलगडताना तडकतो. रंगावर आधी ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, मग मऊ फोम. नळीचा व्यास किमान १५ ते २० सेंटिमीटर. साड्यांच्या दुकानातल्या बारीक नळीवर गुंडाळलेलं चित्र परत सरळ होत नाही. चाकूनं जाड रंग लावलेलं चित्र अजिबात गुंडाळू नका. तैलचित्राला पूर्ण वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं, बोटाला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही.

अॅक्रिलिकची तऱ्हा वेगळी. मुंबईच्या उकाड्यात ते किंचित चिकट होतं आणि बबल रॅपचे गोल त्यावर कायमचे उमटतात. उलट थंडीत ते कडक होतं. जानेवारीत बर्लिनला पोचलेली नळी त्याच तासाला उलगडली तर भेगा पडतात. चोवीस तास खोलीत ठेवून मग उघडायची सूचना नळीवर ठळक लिहा.

पावसाळ्यात पॅक करणं शक्यतो टाळा. जमत नसेल तर एसीच्या खोलीत चित्र दोन दिवस ठेवून तिथेच प्लास्टिकमध्ये बंद करा आणि सिलिका जेल टाका. जुलैची दमट हवा प्लास्टिकमध्ये कोंडली की विमानातल्या थंडीत तिचं पाणी होतं आणि मागच्या बाजूला बुरशी धरते.

पेटी प्लायची बनवली तरी सुताराकडून मारलेल्या पट्ट्या अख्ख्या लाकडाच्या असतात. त्या लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला हवा आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा आयएसपीएम-१५ (लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का हवा. प्लायला ही अट नाही, पट्ट्यांना आहे. शिक्का नसलेली पेटी पलीकडे परत पाठवतात किंवा नष्ट करतात. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरा, कारण कस्टम्सवाले पेटी उघडतातच आणि खिळे उपटताना झाकण फुटतं. बंद करण्याआधी चित्राच्या चारही कोपऱ्यांचे आणि मागचे फोटो तारखेसह काढून एक प्रत आत ठेवा. विमा भिंतीपासून भिंतीपर्यंतचा घ्या, म्हणजे चित्र तुमच्या भिंतीवरून उतरल्यापासून पलीकडच्या भिंतीवर लागेपर्यंतचा. अनेक कुरियर कंपन्या मूळ चित्रांच्या भरपाईवर छोटी मर्यादा घालतात आणि ती मागच्या बारीक अक्षरांत असते.

हे सगळं वाचताना चित्र काढण्यापेक्षा यातच हात रमेल असं वाटलं, तर त्यातही पोटाची सोय आहे. पेट्या बनवणं, कंडिशन रिपोर्ट (चित्राच्या स्थितीची नोंद) लिहिणं, चित्रांची नोंद ठेवणं, कागदावरची बुरशी काढणं या कामांना मुंबईत माणसं लागतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. लिलाव घरं, गॅलऱ्या आणि चित्रांची वाहतूक करणाऱ्या कंपन्या शिकाऊ मुलंमुली घेतात, आणि मराठी–हिंदी–इंग्रजी तिन्ही बोलणारा माणूस सुतारापासून क्युरेटरपर्यंत सगळ्यांशी बोलू शकतो.

पायरी आठवी: पैसे आणि परत येणारं चित्र

पैसे बँकेत स्विफ्टनं (बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरणानं) घ्या आणि बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे, विचारेल तेव्हा ‘कुटुंबाला मदत’ नव्हे, मालाची निर्यात सांगा. आलेल्या रकमेचा दाखला घेऊन शिपिंग बिलाशी (निर्यातीच्या कस्टम्स कागदाशी) जुळवून घ्या. बिल उघडं राहिलं की बँक पुढच्या वेळी अडवते. मधल्या बँका आपापलं शुल्क कापतात, म्हणून इन्व्हॉइसवर ‘बँकेचा खर्च खरेदीदाराचा’ लिहा.

प्रदर्शनापुरतंच चित्र जात असेल तर एटीए कार्ने, म्हणजे माल तात्पुरता कर न भरता नेण्या-आणण्याचा परवाना, काढता येतो. भारतात तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते आणि एक वर्ष चालतो. कार्नेवर गेलेलं चित्र तिथे विकायचं ठरलं तर कागद बदलावे लागतात, म्हणून विक्रीची आशा असेल तर नेहमीच्या निर्यातीनंच पाठवा. न विकलेलं चित्र परत येताना तुमचंच आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. जातानाचं शिपिंग बिल, इन्व्हॉइस आणि फोटो नसतील तर कस्टम्स त्याला नवी आयात समजून कर लावतं. नग्नचित्र असेल तर जास्त काळजी घ्या: ब्रिटनहून आलेली सूझा आणि अकबर पदमसी यांची कामं मुंबईच्या कस्टम्सनं अश्लील ठरवून जप्त केली होती, आणि ती जप्ती मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ च्या ऑक्टोबरात रद्द केली. सूझांच्या नावाला न्यायालय लाभलं. तुमच्या पेटीत मात्र प्रदर्शनाचा कॅटलॉग, गॅलरीचं पत्र आणि जातानाच्या बिलाची प्रत वरच ठेवा, झाकण उघडताच दिसेल अशी.